काडी ओढल्याशिवाय राहवत नाही: उपचार कुठे, खर्च किती

घरातला पडदा तिसऱ्यांदा जळतो. गोठ्यातला कडबा कुणाशी भांडण नसताना पेटतो. शाळेच्या स्वच्छतागृहात कागद जाळल्याची तक्रार येते. मग कधीतरी लक्षात येतं की काडी ओढणारा हात आपल्याच घरातला आहे. यानंतर कुटुंबाचा पैसा बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. आधी देवऋषी, मग कुणीतरी सुचवलेला मेंदूचा एमआरआय, मग शेजाऱ्याची नुकसानभरपाई आणि प्रकरण पोलिसांत गेलंच तर वकील. मनोविकारतज्ज्ञाची पाळी सगळ्यांत शेवटी येते, तोवर हात आखडलेला असतो. खरं तर या यादीत सगळ्यांत स्वस्त तोच पडतो. म्हणून इथे दरांइतकाच भर क्रमावर आहे: पैसे आधी कुठे घालायचे, आणि कुठे मुळीच घालायचे नाहीत.

पुढे दिलेले खासगी दर ढोबळ आहेत. शहर, डॉक्टरांचा अनुभव आणि दवाखान्याचा पत्ता यांनुसार ते वर-खाली होतात. अपॉइंटमेंट घेतानाच फी विचारा. पहिल्या भेटीची किती, पुढच्या भेटीची किती आणि एका भेटीला वेळ किती, हे तीनही प्रश्न फोनवर विचारण्यात काहीही गैर नाही.

हा आजार आहे की आणखी काही?

पायरोमॅनिया हा मान्यताप्राप्त मानसिक आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये मोडतो. त्याची खूण अशी: माणूस एकापेक्षा जास्त वेळा जाणूनबुजून आग लावतो. लावण्याआधी आत ताण साचत जातो, आग लागल्यावर किंवा ती बघताना सुटल्यासारखं वाटतं, बरं वाटतं. आग, अग्निशमन दलाचा बंब, काड्या, लायटर या सगळ्याचं त्याला विलक्षण आकर्षण असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, या आगीतून त्याला दुसरं काहीच मिळवायचं नसतं. विम्याचे पैसे नकोत, कुणावर सूड नको, पुरावा नष्ट करायचा नाही, कुठली घोषणा द्यायची नाही.

ही शेवटची अट लावली की बहुतेक प्रकरणं गळून पडतात. गावात रात्री कडब्याची गंजी पेटली, तर गाव आधी बांधाचं भांडण आठवतं आणि बहुधा गावाचं बरोबर असतं. ते पायरोमॅनिया नव्हे. दारूच्या नशेत मोटरसायकल पेटवणं, ‘मला आवाज सांगतात’ म्हणून घर पेटवणं, उन्मादाच्या झटक्यात सगळं सामान जाळणं, बौद्धिक अक्षमता असल्याने परिणाम न कळता काडी टाकणं, या प्रत्येकाचं निदान वेगळं आणि औषध वेगळं. पाच-सहा वर्षांचं पोर उदबत्तीने कागदाला भोकं पाडतं ते बव्हंशी कुतूहल असतं. दहा-बारा वर्षांचा मुलगा आग लावतो, शिवाय चोरी करतो, मुक्या जनावरांना छळतो, शाळा बुडवतो, तेव्हा डॉक्टर आधी वर्तनविकाराचा विचार करतात.

फिनलंडमध्ये वारंवार आगी लावणाऱ्या ९० पुरुष गुन्हेगारांचा अभ्यास झाला होता. इतर सर्व कारणं वजा केल्यावर निखळ पायरोमॅनिया उरला तो तिघांमध्ये. तेव्हा इंटरनेटवर वाचून ‘आमच्या मुलाला पायरोमॅनिया आहे’ असं ठरवून थेट समुपदेशकाकडे बारा सत्रांचे पैसे आगाऊ भरू नका. पहिला खर्च निदानावर व्हायला हवा, आणि तो एमडी किंवा डीपीएम झालेल्या मनोविकारतज्ज्ञाकडेच.

एक फरक घरच्यांना कळायलाच हवा. स्वतःच्या अंगावर रॉकेल ओतून घेण्याची भाषा कुणी करत असेल तर तो हा आजार नाही, तो आत्महत्येचा धोका आहे. तिथे अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच दिवशी जायचं असतं.

भानामतीचं बिल

महाराष्ट्रात या विषयाला एक खास आपली बाजू आहे. दोरीवरचे कपडे आपोआप पेट घेतात, कपाटातल्या साड्यांना भोकं पडतात, गादीतून धूर येतो. मराठवाड्यात आणि इतरत्रही याला भानामती म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशी किती तरी घरं पाहिली आहेत. त्यांचा अनुभव सांगतो की कपडे आपोआप पेटत नाहीत. पेटवणारं माणूस घरातलंच असतं. पुष्कळदा ती घुसमटलेली सून असते, किंवा वयात येणारी मुलगी, जिला बोलायला दुसरी जागाच नसते. हे कार्यकर्ते नाव उघड करत नाहीत, त्या व्यक्तीशी एकांतात बोलतात, आणि ‘आपोआप’ लागणाऱ्या आगी थांबतात. नाव न फोडण्याची ही पद्धत घरच्यांनीही उचलावी अशी आहे. चारचौघांत ‘हिनेच केलं’ म्हणून उभं केलेली मुलगी पुढे कुठल्याच डॉक्टरला खरं सांगत नाही.

मांत्रिकाच्या खर्चाला दरपत्रक नसतं. सुरुवात नारळ-लिंबावर होते, मग उतारा, मग बकरं, मग ‘मोठी पूजा’. शेत गहाण टाकेपर्यंत हा आकडा चढू शकतो, आणि दरम्यान आग लावणारं माणूस उपचाराविना राहतं, प्रसंगी मारही खातं. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. त्याखालच्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणारा, साखळीने बांधणारा, चटके देणारा त्यात सापडतो. मला विचाराल तर या आजारावरचा सगळ्यांत महाग सल्लागार हाच.

पहिली भेट: काय विचारतात, काय न्यायचं

डॉक्टरकडे जाण्याआधी एक साधी वही करा. प्रत्येक आगीची तारीख, वेळ, जागा, काय पेटलं, त्याआधीच्या तासाभरात घरात काय घडलं, आणि आग लागल्यावर ती व्यक्ती कुठे होती. पळून गेली, की दाराशी उभी राहून बघत होती? विझवायला तीच सगळ्यांत आधी धावली का? ‘परीक्षेचा निकाल होता’, ‘वडील पिऊन आले होते’, ‘घरात कुणीच नव्हतं’ अशा ओळींतून डॉक्टरला जे दिसतं ते महागड्या तपासणीत दिसत नाही. कंपासपेटीत सापडलेल्या जळक्या काड्या, पलंगाखालची राख, मोबाइलमधले आगीचे व्हिडिओ, यांचे फोटो काढून ठेवा. मुलासमोर ते पुरावे म्हणून नाचवू मात्र नका.

पहिली भेट पाऊण ते एक तासाची असावी. डॉक्टर घरच्यांशी वेगळं आणि रुग्णाशी वेगळं बोलतील. झोप, भूक, नशा, डोक्याला झालेली इजा, फिट्स, शाळेतली प्रगती, घरातली मारहाण, लैंगिक छळ, सगळं विचारतील. दहा मिनिटांत चार गोळ्या लिहून मोकळे करणाऱ्या ठिकाणी दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

मोठ्या शहरात पहिल्या भेटीची खासगी फी साधारण १,००० ते ३,००० रुपये, पुढच्या भेटीची ६०० ते १,५००. जिल्ह्याच्या गावी पहिली भेट ५०० ते १,००० रुपयांत होते. मुलाची बुद्धिमापन चाचणी आणि इतर मानसशास्त्रीय चाचण्या मिळून १,५०० ते ५,००० रुपये लागतात. बौद्धिक अक्षमतेची शंका असेल तर या चाचण्या पैसे वसूल करून देतात. फिट्सचा संशय असेल तर ईईजी काढतात, त्याचे हजार ते अडीच हजार. एमआरआयला खासगीत पाच हजारांच्या वर जातात आणि पायरोमॅनिया काही त्या फिल्मवर दिसत नाही. डोक्याला मार, फिट्स किंवा वागण्यात अचानक पडलेला मोठा फरक असल्याशिवाय तो का काढायचा, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

सरकारी वाट याहून कितीतरी स्वस्त आहे, आणि निदानाच्या बाबतीत कमअस्सल मुळीच नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे इथे मनोविकार विभाग आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले. महापालिकांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, पण तिथलेही केसपेपर आणि तपासण्यांचे दर किरकोळच. कुठे जावं हेच कळत नसेल तर आधी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

तीन महिन्यांचा हिशेब

या आजारावर खास मंजूर झालेलं असं एकही औषध नाही. कुणी ‘या गोळीने शंभर टक्के थांबेल’ म्हटलं तर उठून या. नैराश्य, चिंता, उन्माद, व्यसन, अतिचंचलता असं जे काही जोडीला सापडेल त्यावर औषध दिलं जातं. आवेग कमी करायला फ्लुओक्सेटिनसारखी औषधं, लिथियम, टोपिरामेट किंवा नाल्ट्रेक्सोन डॉक्टर वापरून पाहतात. फ्लुओक्सेटिन आणि लिथियम स्वस्त आहेत, महिन्याला शंभर-दोनशे रुपयांत भागतं. जनऔषधी दुकानात त्याहून कमी. लिथियम चालू असेल तर मात्र रक्तातलं प्रमाण वेळोवेळी तपासावं लागतं, दर खेपेला तीनशे ते सातशे रुपये. ही तपासणी चुकवून पैसे वाचवू नका, प्रमाण वाढलं तर ते विष आहे. नाल्ट्रेक्सोन या सगळ्यांत महाग. एक गोळी पन्नास रुपयांच्या वरच जाते, म्हणून किती दिवस द्यायची हे आधीच विचारा.

खरं काम होतं ते बोधात्मक वर्तन उपचारात, ज्याला दवाखान्यात सगळे सीबीटीच म्हणतात. त्यात रुग्णाला एकेका आगीचा मागोवा घ्यायला शिकवतात. घरात भांडण झालं, छातीत धडधडलं, हात खिशातल्या लायटरकडे गेला. या साखळीत नेमकं कुठे थांबता येतं, त्या क्षणी लायटरऐवजी काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे पुन्हापुन्हा घोटून घेतात. मुलांच्या बाबतीत आईवडिलांनाही बसवतात, आणि अनेकदा बदल आधी त्यांच्यात करावा लागतो. एका सत्राला ८०० ते २,५०० रुपये. आठवड्याला एक याप्रमाणे बारा सत्रं धरा. ही सत्रं घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना, हे पाहा. नोंदणी क्रमांक मागितला तर खरा माणूस रागावत नाही.

आता आकडे मांडू. जिल्ह्याच्या गावी पहिली भेट १,०००, पुढच्या पाच भेटी ३,५००, बारा सत्रं १२,०००, चाचण्या ३,०००, औषधं २,४००. एकूण २१,९०० रुपये. पुण्या-मुंबईत मध्यम दराने पहिली भेट २,०००, पाच भेटी ६,०००, सत्रं २१,६००, चाचण्या ५,००० आणि औषधं तीच २,४००. झाले ३७,०००. सरकारी रुग्णालयात उपचाराचे पैसे जवळजवळ शून्य, पण खेपांचे लागतात. दोघांचं एसटी भाडं ४०० आणि बुडालेला रोज ५०० धरला तर दहा खेपांचे ९,००० होतात. मुलाला आई घेऊन गेली तर एसटीत तिचं अर्धंच तिकीट लागतं. गर्दीमुळे सरकारी बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला तासाभराचं सत्र मिळणं अवघड असतं. म्हणून पुष्कळ कुटुंबांना परवडणारा मध्यम मार्ग असा: निदान आणि औषधं सरकारीत, सत्रं बाहेर.

भरती करावी लागली तर

सतत आगी लागताहेत आणि घरात कुणीच सुरक्षित नाही, अशा वेळी डॉक्टर भरतीचा सल्ला देतात. खासगी मनोरुग्णालयात दिवसाला साधारण २,००० ते ८,००० रुपये, औषधं आणि तपासण्या वेगळ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती केल्यास पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने पूर्णवेळ त्याच्यासोबत राहायचं असतं, आणि मुलाला प्रौढ रुग्णांत ठेवता येत नाही. म्हणजे कमावत्या माणसाची रजा हाही खर्चच. तो आधी धरा. कुठल्याही रुग्णाला साखळीने बांधणं या कायद्याने निषिद्ध आहे. मग ते ‘केंद्र’ कितीही स्वस्त असो आणि दारावर कुठल्याही देवाचं नाव असो.

आरोग्य विमा असेल तर याच कायद्याचं कलम २१ काढा. शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यावा, असं ते सांगतं. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी फक्त भरतीचा खर्च देतात. डॉक्टरची फी आणि सत्रं ओपीडीत धरून नाकारतात. पॉलिसीत मानसिक आजारावर वेगळी मर्यादा आहे का, तेही बघा. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो, आणि लपवालपवी केलेली सापडली तर दावा अडकतो. दावा चुकीच्या कारणाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारायचं, बिल हातात पडल्यावर नव्हे.

घराच्या विम्याची गोष्ट जास्त कडू आहे. आगीचा विमा विमेदाराने जाणूनबुजून किंवा त्याच्या संमतीने लावलेल्या आगीला लागू होत नाही. घरातल्याच आजारी माणसाने आग लावली, त्यात विमेदाराचा हात नव्हता, हे मग कागदोपत्री दाखवावं लागतं. उपचारांची फाइल इथे कामाला येते. मात्र विम्यासाठी ‘शॉर्टसर्किट झालं’ असं खोटं लिहून द्याल तर दावाही जाईल आणि फसवणुकीचा गुन्हा वर येईल.

पोलीस आणि वकील

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली आग लावून नुकसान केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राहतं घर नष्ट करण्याच्या हेतूने आग लावली तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही. कलम २२ मनोविकल व्यक्तीला संरक्षण देतं, पण कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं, हे सिद्ध व्हावं लागतं. पायरोमॅनियाच्या रुग्णाला बहुधा ते कळत असतं. त्याला थांबता येत नाही, एवढंच. म्हणून ‘डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, सुटका होईल’ असं सांगून मोठी रक्कम मागणाऱ्या वकिलापासून जपा. जामीन आणि शिक्षा ठरताना चालू उपचारांचा उपयोग होतो, तेवढी अपेक्षा ठेवा. मुलांना, स्त्रियांना, मानसिक आजार असलेल्यांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, फोन १५१००.

घरातला किरकोळ खर्च

उपचार सुरू झाले तरी आवेग आठवड्याभरात ओसरत नाही. तोवर घर सांभाळायला दोन ते चार हजार रुपये काढून ठेवा. आयएसआय खुणेचं दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक बाराशे ते दोन हजारांत येतं. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लावा, आत नको. धुराचा बॅटरीवरचा अलार्म हजाराच्या आसपास. शेगडीपाशी काडेपेटी ठेवू नका, ज्वाला न निघणारा ठिणगीचा लायटर वापरा आणि रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. सगळ्यांच्या नजरेतून निसटते ती देवघरातली काडेपेटी. समईच्या तेलाशेजारी, कापसाच्या वातींजवळ ती वर्षानुवर्षं उघडी पडलेली असते. ती कुलपात ठेवा. दिवा लावणाऱ्याने काढायची, लावल्यावर परत ठेवायची. थिनर, रॉकेल, बाटलीत काढून ठेवलेलं पेट्रोल घरातून हलवा.

होळी आणि दिवाळीचं काय करायचं, हे डॉक्टरांशी आधी बोला. काही रुग्णांना फटाके आणि होळीपासून पूर्ण दूर ठेवतात, काहींना मोठ्यांच्या सोबतीने जाऊ देतात. त्या दोन्ही सणांच्या आधीच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट महिनाभर आधी घेऊन ठेवा. शाळेला किती सांगायचं, हेही त्याच भेटीत ठरवा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरवर आहे, शेजाऱ्यांवर नाही. शाळेत वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांना कळलं तरी पुरतं, आणि लेखी द्यायचं झालं तर ‘उपचार चालू आहेत, प्रयोगशाळेत बर्नरजवळ एकटं सोडू नये’ इतकंच डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या चिठ्ठीचे वेगळे पैसे लागू नयेत.